बाई म्हणते, डावीकडे

चितार ओळीच्या मेट्रोतून खाली उतरलो की
बाई पहिलंच वाक्य बोलते, आग्नेयेकडे चला.
आता आग्नेय कोणाच्या घरची?
मी सकाळचं ऊन डाव्या गालावर घेतो,
काठी दोनदा टेकवतो आणि निघतो.

एका कानात बाई.
दुसरा कान रस्त्याचा आहे, तो कोणाला देत नाही.
ई-रिक्षा आवाज न करता अंगावर येतात
हे बाईला कोणी सांगितलेलं नाही.

वीस वर्षं तिच्या जागी निखारे होता.
भगीरथ निखारे, वीज कंपनी, तक्रार कक्ष,
माझ्या शेजारचा फोन.
त्याचं कोपर धरून ऑफिसात गेलो, ऑफिसातून आलो,
त्याच्या लग्नात त्याचंच कोपर धरून
जेवणाच्या पंगतीपर्यंत गेलो, नवरीच्या आधी.
वळणं तो सांगायचाच नाही.
सांगायचा, "थांब ना बे, दोन बाया भांडून राहिल्या."
सांगायचा, "त्या पाटीवरचा 'हा' पडला,
आता नुसतं शुद्ध शाकारी."
"तुझ्या शर्टाच्या रंगाची गाय बसली आहे मधात."
खड्डा मात्र विसरायचा.
पडायचो दोघं, हसायचो दोघं,
गुडघे माझे फुटायचे.

बाई खड्डे सांगत नाही. गायही नाही.
भांडणाबद्दल तिला काही म्हणायचंच नसतं.
चाळीस मीटर म्हणते तेव्हा चाळीस असतात,
कधी तीस,
कधी नाल्याच्या पलीकडचे.
मागच्या मंगळवारी दुभाजकावर उभं करून म्हणाली,
तुम्ही पोहोचला आहात.
दोन्ही अंगांनी ट्रक.
मी म्हटलं, हो माय, पोहोचतोच आता.

ओल्या मातीचा वास लागला
म्हणजे मूर्तीवाल्यांची दुकानं.
माती, तणस, कुठंतरी उकळता डिंक.
इथलं नाव घेताना ती अडखळत नाही,
ठासून चुकते: चितारोली.
जशी कुठली परदेशी भाजी.

वळणावर एक गाडी येऊन थांबली.
तापलेलं इंजिन, पिशवीतला गरम रस्सा, आणि एक पोट्टा.
"काका, बोकडे कुठी राह्यतात?"
त्याच्या हातातून तीच बाई बोलली, डावीकडे वळा.
माझ्या कानातली अर्ध्या क्षणानं म्हणाली, उजवीकडे वळा.
एकच गळा, एकच सभ्यपणा,
दोघींनाही एकमेकींचा पत्ता नाही.
मग त्याला काठी दिसली असावी.
तोंडाआधी त्याचा श्वासच सॉरी म्हणाला.

म्हटलं, थांब.
सरळ जा. मसाल्याच्या चक्कीपाशी शिंक येईल,
तिथून उजवी गल्ली.
कूलरचं पाणी ठिबकत असेल, त्याच्या पुढलं दार.
कुत्रं भुंकते, चावत नाही.
तो गेला.
थोड्या वेळानं लांबून एक शिंक ऐकू आली.

निखारेचं घर बाईला तीन घरं अलीकडेच सापडतं.
पोहोचला आहात, म्हणते.
मी चालत राहतो,
खोकला ऐकू येईस्तोवर.

फेब्रुवारीत त्याची उजवी बाजू गेली. जीभही अर्धी.
ते कोपर आता उशीवर ठेवलेलं असतं.
मी सवयीनं तेच धरतो,
थंड, हलकं, कुठंच न निघालेलं.
वहिनी चहा ठेवतात.
बाई कानात पुन्हा काही सांगायला लागते,
बोट फिरवून तिला गप्प करतो.

निखारे खिडकीकडे वळतो, पलंग कुरकुरतो.
समोर काहीतरी आहे.
"न... नवी... गा..."
गाडी, गाय, का गादीचं दुकान, मला कळत नाही.
तो पुन्हा म्हणतो. पुन्हा. घामेजतो.
"काय म्हणून राह्यले ते?" वहिनी आतून विचारतात.

"काही नाही वहिनी,
रस्ता सांगून राहिला," मी म्हणतो
आणि कोपर सोडत नाही.