'ण' अडकतो

आमदार साहेब,
सीबीएसजवळ, कोर्टाच्या भिंतीला टेकून
माझं मशीन असतं.
त्याचा 'ण' अडकतो,
म्हणून प्राण, त्राण, कारण
मी पेनानं पुरे करते.

ऐकलं, महिला आयोगावर
त्याच निवृत्त न्यायाधीशांचं नाव सुचवलंय.
अकरा वर्षं त्यांची लघुलेखिका होते मी.
ते बोलायचे, माझी पेन्सिल धावायची.

सातपूरची कौसल्या बेंडकुळे.
नवऱ्यानं जबडा मोडलेला.
निकालात आलं,
'संसारात भांड्याला भांडं लागतंच.'
लागतंच.
हा शब्द माझ्या हातचा आहे, साहेब,
स्वल्पविरामसुद्धा चुकवला नव्हता मी.
त्याआधी, साक्षीच्या दिवशी,
ती पिंजऱ्यात उभी, हनुवटीला रुमाल,
आणि वरून आवाज:
'बाई, स्पष्ट बोला.'

तेही लिहून घेतलं मी.
संध्याकाळी शालीमारला उतरून
पावशेर मेथी घेतली, घरी गेले.

वकील हसतात. म्हणतात,
आमदाराच्या हातात काय असतं?
असू दे. सभागृहात
वर करायला एक हात तरी असतो ना?
तो करा.
मतं मागायला आलात तेव्हा
आमच्या गल्लीत दोन्ही जोडले होते.

सोबत सह्या आहेत:
पिंपळगावच्या द्राक्षशेडवरच्या सत्तावीस,
अंगठे सात.
शाई ओली आहे, घडी सांभाळून उघडा.

कौसल्या काल आली होती.
अजून एका बाजूनंच चावते, हळू बोलते.
म्हणाली, माझं नाव सगळ्यात वर टाक,
मशीनवरच टाक, पेन नको.

टाकलं.
तिच्या नावात कुठेच 'ण' नाही.