चार पूर्णांक दोन

डंडीत जानेवारीत चारलाच अंधारतं.
खिडकीतून टे नदीवरचा पूल अर्धाच दिसत होता
आणि टेबलावर एकवीस अर्ज,
पैसे चारांपुरते.

आम्ही पाच जण. पाचांच्याही नोकऱ्या कायमच्या.
चहा गार व्हायच्या आत
कितीतरी जणांची पुढली तीन-तीन वर्षं
आम्ही डाव्या बाजूच्या ढिगात ठेवली.

मग इशबेल रेनी.
वय एकतीस, करार मार्चअखेरपर्यंत.
हृदयवाल्यांनी अर्ज मेंदूवाल्यांकडे पाठवला,
मेंदूवाल्यांनी परत हृदयवाल्यांकडे,
वर्षभर तळ्यात-मळ्यात करून आमच्यापुढे आला.

ती मासे बघते. दोन दिवसांचे,
तांदळाच्या कणीएवढे, काचेसारखे आरपार.
आत ठोका चुकतो तेव्हा
मेंदूतली कुठली वाट आधी कोरडी पडते
ते तिला मोजायचंय.
'अजून मोजलेलं नाही,' डॉक्टर फर्कर म्हणाले,
'प्राथमिक पुरावा अपुरा.'
अहो, पुराव्यासाठीच तर पैसे मागतेय ती, मी म्हणाले.
म्हणजे, म्हणाले नाही.
मनात म्हणाले, आणि बिस्किट घेतलं.

खर्चाच्या तक्त्यात: माशांचं खाद्य, एकशे दहा पौंड.
प्रवास: शून्य.

हे पैसे कुठून येतात, मी पाहिलंय.
पर्थ रोडवरच्या दुकानात विल्मा ऑक्टरलोनी
लोकांनी टाकलेले स्वेटर निवडते,
तुटकी बटणं लावते, दोन पौंडांची चिठ्ठी टाचते.
तिच्या नवऱ्याची नामं गेली एका सकाळी,
अंडं उकडता उकडता.
क्रियापदं राहिली.
'दे,' म्हणतो तो, 'ते दे, ते, ते गं...'
आणि ती एकेक वस्तू उचलून दाखवते:
मीठ? चमचा?
मी?

एक संशोधक म्हणजे किती स्वेटर,
हा हिशेब मी एकदा गाडीत बसून केला होता.
पुन्हा केला नाही.

चौथ्या अर्जाला चार पूर्णांक चार.
इशबेलला चार पूर्णांक दोन.
रेघ दोघांच्या मधून गेली. कुणी मारली नाही,
ती असतेच तक्त्यात, फिकट राखाडी.

मी तिला चार दिले होते.
चार हा सभ्य आकडा, चारला कुणी कारण विचारत नाही.
पाच दिले असते तर बरोबरी झाली असती,
दोन्ही अर्ज पुन्हा वाचावे लागले असते,
फर्करांची साडेपाचची गाडी चुकली असती.

पत्र मीच लिहायचं ठरलं.
'आपल्या कामाचं समितीला मनापासून कौतुक वाटलं, परंतु'

परंतुच्या पुढे कर्सर लुकलुकतोय.
मी त्याचे ठोके मोजत बसलेय, जुनी सवय.

पलीकडच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर,
टाकीवरचा दिवा रात्री दहाला आपोआप विझतो
आणि सकाळी आठला लागतो,
मासे हलतात.
मार्चअखेरपर्यंत.