शाफ्टमध्ये कान

सुलूमावशी दर लग्नसराईत विचारते,
आमच्या ओजसच्या हळदीला वाजवशील ना गं?
मी म्हणते, मावशी, माझ्या गाण्यांत शब्द नसतात.
मग लोक नाचतात कशावर?
ह्याचं उत्तर मला अकरा वर्षांत
धड देता आलेलं नाही.

अण्णा लिफ्टचे मेकॅनिक.
ऑपेरा हाउसच्या हिऱ्यांच्या इमारतींत जन्म गेला,
एकही हिरा न बघता.
शाळेला सुट्टी असली की मला न्यायचे.
गच्चीवरच्या मोटररूममध्ये ग्रीसचा वास,
आणि ते शाफ्टच्या तोंडाशी
कान देऊन उभे.
खाली सात मजले काळोख.
"बघू नकोस," म्हणायचे, "ऐक.
बिघाड आधी आवाजात येतो,
मग लोखंडात."

तेवढंच शिक्षण.
बाकीचं मशीनच्या माहितीपत्रकात असतं.

आता शनिवारी मी अंधेरीला, एमआयडीसीत,
बंद पडलेल्या छापखान्याच्या तळघरात.
दारावर पाटी नाही.
ऑस्विनला सांगून ठेवलंय, एकच लाल दिवा,
तोही माझ्या हातांवर नको.
हात बघून काय मिळणार आहे कुणाला?
चेहरे मी बघत नाही,
चेहरे मजा येतेय असं दाखवतात.
मी पोटऱ्या बघते.
पोटरीला नाटक जमत नाही.

पहिला अर्धा तास काहीच देत नाही.
एक किक, आणि तिच्यामागे
गच्चीवरचा पंप रात्रभर चालू राहिल्यासारखी गुरगुर.
काहीजण बारकडे परततात. जाऊ देत.
तबल्याच्या क्लासला होते आठ महिने,
कामत सर म्हणायचे, सम कुणालाही कळते,
खाली कुठाय ते सांग.
क्लास सुटला. मी अजून तेच शोधतेय,
मिनिटाला एकशे एकतीस ठोक्यांत:
हात जिथे पडत नाही ती जागा.

म्हणून साडेबाराच्या सुमारास बेस काढून घेते.
लोकांना वाटतं, आता येईल.
सोळा मात्रा. येत नाही.
बत्तीस. कुणीतरी शिट्टी मारतं.
मी फेडरवर बोट टेकवून उभी,
अण्णा ब्रेकवर टेकवायचे तसं,
आणि ऐकते:
दोनशे माणसांचे बूट
नसलेल्या ठोक्यावर
बरोबर पडतायत.

कधीकधी वाटतं परत देऊच नये.
एकदा नाही दिला.
मालक वायर तपासत धावत आला.

भेसूर वाजवते म्हणतात मला.
भुताखेतांचं माझ्याकडे काही नाही.
लहानपणी चौथ्या आणि पाचव्याच्या मध्ये
मी आणि एक अंगडिया चाळीस मिनिटं अडकलो होतो.
दिवा गेलेला. आधी तो देवाचं नाव घेत राहिला,
मग बॅग खाली ठेवून तिच्यावरच बसला
आणि सांगू लागला: मुलगी दहावीला नापास,
बायकोला मी पास म्हणून सांगितलंय.
मी नऊ वर्षांची. मी फक्त हं हं म्हणत होते.
तसा काळोख. त्याच मापाचा.
वरून अण्णांचा आवाज, येतोय, येतोय.

सव्वाला हवालदार जिन्यात खोकतो.
दीडला दिवे लागतात, आणि सगळे
परक्या घरात जाग आल्यासारखे
आपापल्या चपला-बुटांकडे बघतात.
शेवटचा ट्रॅक मी मिटवत नाही.
तो संपेपर्यंत हेडफोन काढत नाही.

अण्णांना आता उजव्या कानानं काहीच येत नाही,
डाव्यानं थोडं.
गेल्या महिन्यात दुपारी, तळघर रिकामं असताना
त्यांना घेऊन गेले.
स्पीकरवर तळवा सपाट ठेवून उभे राहिले.
होता त्यातला सगळ्यात जड ट्रॅक लावला.
सात मिनिटं बोलले नाहीत.
मग म्हणाले,
"डावीकडचं काहीतरी सुटलंय."

खरंच. डाव्या खोक्याचा एक स्क्रू सैल.
ऑस्विन पाना घेऊन आला.
मी म्हटलं, राहू दे,
शनिवार होऊन जाऊ दे.