वीसपर्यंत मोजायचं

पाण्याबाहेर, लाकडी घोड्यांवर चढवलेली,
ती फोटोतल्याहून मोठी वाटली. आणि म्हातारी.
एप्रिल होता. सायमा सरोवरावर बर्फ अजून होता,
पण त्यावर पाय ठेवायचे दिवस सरले होते.
तुओमोनं वाकून तिच्या पोटावर टकटक केली,
मडकं वाजवून घ्यावं तशी,
आणि काहीतरी कळल्यासारखी मान हलवली.
त्याला काही कळलं नव्हतं. मलाही.

गाडीत आम्ही घासाघीस पाठ करून आलो होतो:
आधी मी सुस्कारा सोडायचा,
मग त्यानं इंजिनाचं वय काढायचं.
पण ओइवा पेसोनेन आपणहूनच म्हणाला,
फ्रिज चालत नाही,
पावसात डाव्या खिडकीखालची गादी भिजते,
आणि आपणहूनच पाचशे युरो कमी केले.
आता कुठल्या तोंडानं तोंड उघडणार?

किल्ली देताना तो म्हणाला,
इंजिन थंड असेल तर अर्धीच फिरवायची.
वीसपर्यंत मोजायचं. मग पूर्ण.
म्हणजे दिवा विझेपर्यंत? तुओमोनं विचारलं.
दिवा सत्त्याऐंशीपासून लागलेला नाही. वीसपर्यंत.
थोडं थांबून:
सावकाश मोजा. बायको माझी घाई करायची.
करायची.
आम्ही काही विचारलं नाही.
आमच्याकडे अशा वेळी कॉफी संपवतात.

जूनमध्ये राहायला गेलो.
वेन्लाला नाकाकडची तिकोनी खाट,
जिथे पाय लांब करावेत तिथेच भिंती जवळ येतात.
टेबल खाली दाबलं की त्याची खाट होते,
म्हणून रात्रीचं जेवण संपेपर्यंत
इल्मारी पेंगत उभा.
पडदे तीनदा धुतले. डिझेल, ओली लोकर, जुनी कॉफी:
वास गेला नाही.
जुलैत आम्हाला तो येईनासा झाला
आणि कचेरीतली माणसं माझ्या कोटाकडे बघू लागली.

बुडाशी पंप आहे, दर दीड तासानं खाकरतो.
पहिल्या रात्री आम्ही चौघं टॉर्च घेऊन उठलो.
दुसऱ्या रात्री नुसते डोळे उघडले.
आता तो खाकरला नाही तर मला जाग येते.

खणात एक हातमोजा सापडला, डाव्या हाताचा,
सादळलेल्या काड्यापेट्या, आणि पत्त्यांचा कॅट.
त्यातली चौकट सत्ती हरवलेली.
कुणीतरी कॉफीच्या खोक्याचा पुठ्ठा कापून,
निळ्या पेनानं चौकटी काढून, नवी केलीय.
मागून ती वेगळी दिसते.
म्हणजे सत्ती कुणाच्या हातात आहे
हे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि कुणी बोलत नाही.
आम्हीही तसंच खेळतो.
नवा कॅट आणायचं अजून कुणी काढलेलं नाही.

ऑगस्टच्या शेवटी रात्रभर वारा.
आम्ही शहरात, तिसऱ्या मजल्यावर,
खिडकीच्या काचेला कान लावून जागे.
पहाटे धक्क्यावर पोचलो तर शेजारची एक होडी
नाकापर्यंत पाण्यात,
आणि आमची उभी. सगळ्या दोऱ्या दुहेरी,
कठड्याला एक जुना टायर टांगलेला,
मागच्या कड्याला एक गाठ, घट्ट, सोपी.
तुओमोची नव्हे. तुओमोच्या गाठी
सुटतात तरी, नाहीतर कापाव्या तरी लागतात.

मी फोन काढला. परत खिशात ठेवला.
आभार मानावेत तर
आम्हाला कळलंय हे त्याला कळणार.

मुलांना बसवलं. किल्ली अर्धी फिरवली.
एक. दोन. तीन.
अकराला इल्मारी म्हणाला, झालं का?
नाही झालं.
चौदाला मला दिसलं, होड्यांच्या शेडमागे
सायकलचं एक चाक. निम्मंच.
मी मान वळवली नाही.
पंधरा,
आणि तिथून पुढे
नेहमीपेक्षा जरा जास्तच सावकाश मोजलं.