मामा म्हणजे बाप

पहिल्याच रात्री सिन्योरा अद्दोलोराता ओरडली, "मम्मा!"
मी अंधारात ताडकन उठून बसले,
कारण आमच्या जॉर्जियात मामा म्हणजे बाप.
आईला आम्ही देदा म्हणतो.
बारी शहरातल्या चौथ्या मजल्यावर
ब्याऐंशी वर्षांचं लेकरू आईला हाका मारत होतं
आणि माझ्या कानावर बाप पडत होता.
गेले. तिची कूस बदलली, लंगोट बदलला,
"आले गं," म्हटलं.
कुठल्या भाषेत, आठवत नाही.

तशी ती फार चुकली नव्हती.
चियातुरात एकोणीस वर्षं मी रोपवेचा पाळणा चालवला.
लोखंडी पेटी, आत मँगनीजनं काळवंडलेली माणसं,
दरीतून खाणीवर, खाणीवरून दरीत.
दोर कण्हला की मला झोपेतही कळायचं.
मग आमचा पाळणा बंद पडला,
नवरा तर त्याआधीच.
कुणीतरी म्हणालं, इटलीत म्हातारी माणसं फार
आणि त्यांच्या लेकींना वेळ कमी.
बारा वर्षांची सोफिको बहिणीकडे ठेवली
आणि निघाले दुसऱ्यांच्या आया सांभाळायला.

इथं आम्ही सगळ्या मारिया.
खरी नावं म्हणे जिभेला जड जातात.
रविवारी बागेपाशी पांढरी व्हॅन लागते, तिच्याभोवती तीस मारिया:
तेलाचे डबे, साबण, मुलांचे बूट वर चढतात,
खाली उतरतात अक्रोडाच्या माळा, आंबट चटण्या,
आणि यादी, पुढच्या वेळी काय पाठवायचं त्याची.
मी मक्वाला.
मक्वाला म्हणजे ब्लॅकबेरी,
काटेरी जाळीत हात घातल्याशिवाय न मिळणारी.
हे अकरा वर्षांत कुणी विचारलं नाही,
मीही सांगत बसले नाही.

मग एक दिवस लिफ्ट अडकली.
सावेरियो नावाचा माणूस आला, पोट सुटलेला, चष्मा दोरीला बांधलेला.
तासभर दोराशी झटत होता.
मी सूप ढवळत दारातून म्हटलं,
"दोर नाही हो. वरचं चाक रडतंय."
तो वळला. मला वाटलं, हसेल.
त्यानं टॉर्च माझ्या हातात दिली.

बेडपॅन दिलेत लोकांनी मला, गोळ्या दिल्यात, किल्ल्या मोजून दिल्यात.
टॉर्च नाही.
त्या रात्री सूप लागलं करपलेलं,
सिन्योरानं सगळं संपवलं.

चैत्रासारख्या कोवळ्या उन्हात ती गेली.
तिच्या मुलानं महिन्याची मुदत दिली, एक शालही दिली.
फोनवर सोफिको घर दाखवत होती:
हे छप्पर तुझं, ही न्हाणी तुझी, या खिडक्या तुझ्या,
"आणि ही तुझी खोली, देदा."
खोलीत इस्त्रीचं टेबल, बाबागाडी, बटाट्यांचं पोतं.
गादीवरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नव्हतं.
"छान आहे," मी म्हटलं. छानच होती.
"कधी येतेस?"
मी म्हटलं, "आवाज तुटतोय गं."
तुटत नव्हता.

आता रेल्वे स्टेशनामागे भाड्याची एक खोली आहे.
सकाळी दोन घरी जाते, रात्री माझ्या घरी.
सावेरियो म्हणाला, माझ्याकडेच ये राहायला, जागा मोठी आहे.
मी म्हटलं, तू ये. गुरुवारी. भाजी आण.
तो आणतो, नेहमी चुकीची.
सोफिको अजून रागात आहे.
तिचा राग व्हॅननं पाठवता येत नाही,
तो रोज फोनवर येतो, मी घेते.

रात्री तीनला अजून जाग येते.
पाय आपोआप खाली येतात,
"आले गं," तोंडातून निघून जातं,
आणि खोलीत कुणी नसतं.
मग दिवा लावते,
बहिणीनं पाठवलेली मुरंब्याची बरणी उघडते,
आणि बोटानं खाते,
काळ्या बिया दातांत अडकेपर्यंत.