खेळी त्याची

नागपूर ते चेन्नई,
हवेतून नऊशे किलोमीटरच्या वर थोडं,
वेळ एक तास पस्तीस मिनिटं.
मी मोठ्यानं वाचते.
बाबा चष्मा पुसत म्हणतात,
"आमच्या टायमाला एक रात्र आन् एक दिवस."

त्यांचा टाइम म्हणजे सोनेगावचा.
मध्यरात्री चार दिशांची चार विमानं उतरायची,
एकमेकांना टपाल देऊन
उजाडायच्या आत आपापल्या गावी.
बाबा त्या मधल्या तास-दोन तासांचे कारकून.
दिल्लीची थैली जानेवारीत हाताला चावायची,
कलकत्त्याची बारा महिने ओलसर.
आणि मद्रासच्या थैलीच्या लेबलावर
एके रात्री पेन्सिलीनं, बारीक:
पी-के-फोर.
बाबांना इंग्रजी कामापुरतं येई,
बुद्धिबळ त्याहून बरंच जास्त.

सेल्वराज. आडनाव नाही,
तिकडे नसतंच म्हणे.
चेहरा तर नाहीच.
एका रात्रीला एक खेळी,
विमान आलं नाही तर तीही नाही.
एक डाव सात महिने चालला.
त्यात माझं बारसं उरकलं,
बाबा तेव्हा हत्तीच्या काळजीत होते.

मग ती विमानं बंद झाली.
शेवटच्या थैलीवर बाबांनी घोडा घातला.
आता खेळी त्याची.

खामल्याच्या घरात कपाटावर
तो पट अजून तसाच आहे.
घराला रंग दिला तेव्हा आईनं
आरतीचं ताट धरावं तसा दोन्ही हातांवर धरून
शेजारच्या ढोमण्यांकडे नेऊन ठेवला.
काळा उंट कधी तरी हरवला,
त्या जागी दोऱ्याचं रीळ.
धूळ फुंकरीनं काढायची,
फडक्यानं नाही.

आता माझी नोकरी चेन्नईला.
एकदा तिथल्या मोठ्या पोस्टात विचारून पाहिलं.
काउंटरवरची मुलगी हसली.
तिच्या काकांचं नावही सेल्वराज,
पण ते रेल्वेत होते.
हे मी बाबांना सांगितलेलं नाही.

निघताना ते ऑटोपर्यंत येतात.
"खिडकीची घेतली ना?"
स्वतः एकदाही विमानात बसले नाहीत,
फक्त पोटाशी उभं राहून थैल्या मोजल्या.
बुटीबोरीची धुराडी, मग ढग,
मग कुठलीशी रुंद कोरडी नदी,
आणि कॉफीचा कप परत देते न देते
तोच डावीकडे समुद्र.
एवढ्या वेळात बाबांनी
एक प्यादंसुद्धा हलवलं नसतं.

उतरल्यावर फोन लावते.
"पोचले."
"किती वेळ लागला?"
"एक तास अडतीस मिनिटं."

पलीकडे काहीच नाही.
मग स्टूल सरकवल्याचा आवाज,
मग एक लांब फुंकर.

"इतक्या लवकर पोचते तं,"
बाबा म्हणतात,
"काहून लावून राहिला तो इतका टाइम?"