दोनदा धुवेपर्यंत

डबीवर लिहिलं होतं : दोनदा धुतला की रंग जातो.
मला तेवढंच हवं होतं.
न जाणाऱ्या गोष्टी घरात आधीच पुष्कळ –
फरशीवरचा आयोडीनचा डाग,
धाकट्या दिराचा अबोला,
सासूबाईंनी लावून दिलेली साडेचारच्या चहाची वेळ.

सलोनी म्हणाली, "मावशी, नारिंगी घे नं, मस्त दिसते."
म्हटलं, नागपुरात राहून डोक्यावरही संत्रं?
लोक सोलायला येतील, बाप्पा.
मग जांभळा.
बुधवार बाजारातल्या वांग्याचा असतो तसा,
विस्तवावर ठेवण्याआधीचा.

कूलरपुढे बसवून तिने खडू ओला केला,
कानामागची एक बट धरली.
काळे केस ढिम्म.
रंग चढला तो फक्त पांढऱ्यांवर.
ज्यांना मी तीन वर्षं भांग बदलून बदलून दडपत आले
तेच उठले एकदम,
मागच्या बाकावरची पोरं
कधी नव्हे तो हात वर करतात, तसे.

सोमवारी स्कूटीवर दुपट्टा गुंडाळला,
डोळे तेवढे बाहेर.
पंचेचाळीस डिग्री.
शंकरनगरच्या सिग्नलला अशा आम्ही नऊ-दहा जणी,
सगळ्या सारख्याच, गाठोड्यासारख्या.
आणि पहिल्यांदाच मनात आलं :
कोणीच्या दुपट्ट्याखाली काय असेल
कोण सांगावं.

वीजबिलाच्या खिडकीला काच आहे,
काचेला भाकरीएवढं भोक.
त्यातून माणसांना माझी बोटं दिसतात,
शिक्का दिसतो, सुटे पैसे दिसतात.
एक वाजला. दीडशे बिलं झाली.
कुणालाच काही दिसलं नाही.
बरं झालं, असं मी दोनदा म्हटलं,
दुसऱ्यांदा जरा जोरात.

मग गजभिये बुवा आले.
त्यांना ऐकायला कमी येतं
म्हणून ते वाकतात, पार भोकात तोंड घालतात.
"मॅडम, केसाले शाई लागली वाटते तुमच्या."
म्हटलं, लागली नाही. लावली.
त्यांनी थोडा विचार केला.
मागची रांग कुरकुरली.
"मंग बरी हाय," म्हणाले,
पावतीची घडी करून टोपीत ठेवली
आणि गेले उन्हात.

संध्याकाळपर्यंत घामाने एक ओघळ
मानेवरून कॉलरला पोचला होता.
रात्री उशीचा अभ्रा.
मंगळवारी पहिलं धुणं :
मोरीत जांभळं पाणी, पांढरा टॉवेल कामातून गेला,
ओरडायला गेले तर
घरात माझ्याशिवाय कोणी नव्हतं.

आज शुक्रवार.
बट फिकी झाली आहे,
आता जांभळी म्हणावी तर तशी दिसत नाही,
पांढरी म्हणायला मी तयार नाही.
डोकं खाजतंय, नळाला पाणी आहे,
शिकेकाई भिजवून ठेवली आहे कालपासून.

राहू दे.
अजून एक धुणं शिल्लक आहे माझं.